ती दोन वाक्यं तिला परत द्या

मिरजेहून एका निवृत्त शिक्षिकांचं पत्र आलं आहे. थोडं आवरून इथे देतो.

"मी ३२ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. गाणं शिकले नाही, पण लहानपणी वडिलांचं बोट धरून दर्ग्याच्या उरुसातल्या बैठकी ऐकल्या, तेव्हापासून ऐकतेच आहे. आमच्या संगीत मंडळाचं एक छोटं त्रैमासिक निघतं, ते मी बघते. दोन वर्षांपूर्वी पाच मुलामुलींना मैफलींवर लिहायला शिकवायचं मनावर घेतलं. तिघं गाणं शिकतात, एक तबला वाजवतो, एक नुसता ऐकतो. पैकी चौघांचं लिखाण सारखंच: 'स्वरांच्या वर्षावात रसिक चिंब झाले', 'मैफल उत्तरोत्तर रंगत गेली'. पाचवी १९ वर्षांची आहे, तिचा कान तल्लख. मागच्या मैफलीबद्दल तिने लिहिलं की मध्यंतरापर्यंत तंबोरे सुरात लागलेले नव्हते, आणि द्रुतमधल्या (जलद लयीतल्या) बुवांच्या ताना एकाच वळणाने येत होत्या. बुवा ज्येष्ठ, मंडळाशी त्यांचा जुना घरोबा. मी ती दोन वाक्यं काढली आणि शेवटी 'मैफल सर्वांगसुंदर झाली' असं घातलं. तिला विचारलं नाही. अंक निघाला, ती काही बोलली नाही, पण त्यानंतर आलेलीच नाही. तिच्या गुरुजींनीही म्हणे सांगितलं आहे की शिकणाऱ्याने दुसऱ्यावर लिहू नये. मी चुकले का? आणि मला स्वतःला रागाचं व्याकरण येत नसताना या मुलांना मी शिकवू तरी काय?"

बाई, सादर नमस्कार.

हो, चुकलात. वाक्यं काढली म्हणून मी हे म्हणत नाही. संपादकाला काटछाट करावीच लागते. चूक झाली ती 'सर्वांगसुंदर' या शब्दाशी. शब्द तुमचा आणि खाली नाव तिचं. गाव मिरज आहे, बाई. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडतात ती माणसं तुमच्याकडे सतरंजीवर पुढे येऊन बसतात. तंबोरे खरोखर उतरलेले असतील, तर ते त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं असेल. त्यांनी ते परीक्षण वाचलं आणि मनात म्हटलं असेल, या पोरीला कान नाही. पाचांत जिला सगळ्यात चांगला कान, तिलाच तुमच्या अंकाने गावासमोर बहिरं ठरवलं. ती रागावून थांबली असं मला वाटत नाही. तिला लाज वाटली असणार.

माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. १९८९ साली मी २२ वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या एका साप्ताहिकात नुकताच लिहायला लागलो होतो. रविवारी सकाळची मैफल होती. गायिकेने पहिला राग गायला, मला त्यात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर ऐकू आले, आणि मी बेधडक 'भूप' लिहून मोकळा झालो. आठवड्याने संपादकांच्या नावे एक पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते: 'सकाळी भूप?' खाली एका वृद्ध पेटीवादकांची सही.

भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. सकाळी गायला गेला होता तो देशकार. पुढच्या अंकात, त्याच पानावर, तेवढ्याच टायपात दुरुस्ती छापून आली. राग देशकार होता असं तीत म्हटलं होतं, आणि मजकूर न तपासता छापल्याबद्दल संपादकांनी स्वतःच्या नावे दिलगिरी व्यक्त केली होती. माझं नाव कुठेच नव्हतं. मग त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि त्या पेटीवाल्या काकांच्या घरी नेलं. काका काही बोलले नाहीत. पेटी उघडून भूप वाजवला. गाणं पुन्हा पुन्हा गंधारावर, म्हणजे 'ग'वर, येऊन टेकत होतं. मग देशकार वाजवला. स्वर तेच पाच, पण सगळा ओढा वर धैवताकडे, म्हणजे 'ध'कडे, आणि रिषभाला, 'रे'ला, नुसता हात लावून पुढे जाणं. अर्धा तास त्यांनी हेच आलटून पालटून वाजवलं. चहा झाला, आम्ही निघालो. गेल्या पस्तीस वर्षांत तो फरक कानातून गेलेला नाही, आणि पुढच्याच रविवारी त्या संपादकांनी मला पुन्हा मैफलीला पाठवलं, हेही विसरलेलो नाही.

आता तुमच्या मुलीच्या दोन वाक्यांकडे येऊ. पत्रावरून दिसतं की परीक्षण हातात आल्यावर तुमच्या मनात आलं, बुवांना काय वाटेल. त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचा राहून गेला: तंबोरे खरंच लागलेले नव्हते का? मंडळाकडे ध्वनिमुद्रण असेलच. तिला शेजारी बसवून पहिला अर्धा तास ऐकायला हवा होता. बुवा त्या दिवशी काय गात होते हे तुम्ही लिहिलेलं नाही. पूरिया किंवा मारवा असेल, तर त्यात पंचम (प) नसतो, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार बहुधा निषादाला (नी) लावतात. मालकंस असेल तर मध्यमाला (म). ज्याचा कान पंचमाला सरावलेला आहे त्याला ही लावणी पहिल्यांदा ऐकताना अवघडल्यासारखी वाटू शकते. तसं झालं असेल तर वाक्य काढायचंच होतं, पण तिला हे समजावून, आणि त्यात ती आयुष्यभराचं काही शिकली असती. उलट, आतल्या खोलीत लावलेले तंबोरे रंगमंचावरच्या दिव्यांच्या उकाड्याने उतरले आणि कुणी पुन्हा लावलेच नाहीत, असं झालं असेल, तर तिचं वाक्य खरं आहे आणि छापायला हवं. त्यात बुवांचा अपमान नाही. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांनी खुंट्यांना हात लावायला हवा होता, एवढंच त्यातून निघतं.

दुसरं वाक्य मात्र तसंच्या तसं छापू नये. 'ताना एकाच वळणाने येत होत्या' याचा अर्थ काय? तिला काहीतरी नेमकं ऐकू आलं आहे आणि तिने ते गुंडाळून लिहिलं आहे. पुन्हा ऐकून मोजायला सांगा. समजा, दहांतल्या सात ताना तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, लागून सपाट खाली येत मुखड्याला, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याला, मिळत होत्या. मग तेवढंच लिहावं. वाचणाऱ्याला चित्र दिसतं, बुवांच्या शिष्यांना भांडायला जागा राहत नाही, आणि बुवांनाही, मनात आणलं तर, ते ऐकून पाहता येतं. आणि मग तिला आणखी एक विचारा: बुवांचं वय किती? सत्तरीच्या पुढच्या गवयाचा दमसास कमी होतो, तेव्हा तो तानेत वाचवतो आणि कुठेतरी दुसरीकडे खर्च करतो. कुणी बोलबनावात, म्हणजे शब्द खुलवण्यात, कुणी नुसत्या मुखड्याच्या येण्यात. बुवांनी त्या दिवशी कुठे खर्च केला? ते तिने ऐकलं का? नसेल, तर परीक्षण अर्धं राहिलं आहे, आणि ते अर्धं राहणं हीच तिच्या लिखाणातली खरी उणीव असेल.

तिच्याकडे तुम्ही जा. तिला बोलावू नका. तिचं मूळ हस्तलिखित बरोबर न्या, आणि पुढच्या अंकात तुमच्या नावाने दोन ओळी छापा की मागच्या अंकातल्या परीक्षणाचा शेवट लेखिकेचा नव्हता. त्याच्या खाली, तपासून झाल्यावर, तिची वाक्यं. हे तुम्हाला जड जाईल. बुवांकडून किंवा त्यांच्या माणसांकडून फोन आला तर तो तुमच्या फोनवर यायला हवा, आणि उत्तरही तुम्हीच द्यायचं. १९ वर्षांच्या मुलीला पुढे करून आपण मागे राहायचं, हे कुठल्याही वयाच्या माणसाला शोभत नाही.

तिच्या गुरुजींचं मात्र मी हलक्यात घेणार नाही. गुरूचं नाव घेताना कानाला हात लावणाऱ्या परंपरेत ती वाढते आहे. तालीम सुरू असताना मन एकीकडे राहावं, दुसऱ्याच्या गाण्यातलं उणं शोधायची सवय लागू नये, असं गुरुजींना वाटत असेल तर त्यात तथ्य आहे. आणि तिने उद्या एखाद्या गायकावर लिहिलं, तर गावात लोक म्हणणार की गुरुजींनीच लिहवून घेतलं. तुम्ही स्वतः त्यांना भेटा, अर्थात तिला विचारून. वाट निघू शकते. तिने गायनावर न लिहिता काही काळ वाद्यांवर लिहावं, सतार, बासरी, किंवा पेटीच्या साथीवर. पेटीच्या साथीबद्दल मराठीत कुणी चार ओळींच्या वर लिहीतच नाही. किंवा जुन्या ध्वनिमुद्रिकांवर लिहावं. टोपणनावाचीही परंपरा आपल्याकडे आहे. केशवराव भोळे स्वतः गाणारे, पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांना संगीत देणारे, पण समकालीन गायकांवर लिहिताना त्यांनी 'एकलव्य' हे नाव घेतलं होतं. टोपणनाव द्यायचं तर एकच अट: त्यामागे कोण आहे हे संपादकाला ठाऊक असावं आणि त्याने त्याची जबाबदारी घ्यावी. एवढं करूनही गुरुजी नाही म्हणाले, तर तिला आग्रह करू नका. वही मात्र चालू ठेवायला सांगा. ऐकलेलं लिहून ठेवायला कुणाची हरकत नसते, आणि तालीम पुरी झाली की त्या वह्या तिच्याजवळ असतील.

उरलेल्या चौघांबद्दल. ती 'चिंब' होतात, कारण समोर काय घडलं ते सांगायला त्यांच्यापाशी शब्द नाहीत, आणि निवेदकाचे, निमंत्रणपत्रिकेचे शब्द आयते मिळतात. तुम्ही ते शब्द खोडलेत तर ती दुसरे तसलेच शोधतील. त्यापेक्षा ऐकण्याचं काम द्या, लिहिण्याचं नंतर. माझ्याकडे जी मुलं आली त्यांना मी केसरबाई केरकरांची भैरवी द्यायचो. हीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, हे सांगितलं की मुलं कान टवकारतात. साडेतीन मिनिटांची आहे, म्हणून एका संध्याकाळी आठ-दहा वेळा ऐकता येते. पहिल्यांदा हातात पेन नाही. दुसऱ्यांदा फक्त एक करायचं: केसरबाई श्वास कुठे घेतात तिथे कागदावर रेघ ओढायची. बस, इतकंच. तिसऱ्यांदा शब्द कुठे आहेत आणि नुसता 'आ'कार कुठे आहे ते. चौथ्यांदा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते. यानंतर जो मुलगा लिहितो तो 'चिंब' लिहू शकत नाही, कारण त्याच्या समोर आता रेघा आहेत. त्यानंतर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी द्या. त्यांची मिरज आहे, मुलांना आपल्या घरचं वाटेल. आणि दोन्ही गाण्यांत एका स्वरावर थांबणं किती वेगळं आहे, यावर दहाच ओळी मागा.

त्यांना एकदा तंबोरा बनवणाऱ्यांकडे घेऊन जा. मिरजेत राहून हे केलं नसेल तर फारच वाईट. कारागीर घोडी (तारांखालची पट्टी) घासून जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, काढतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, पुढे-मागे करतो, आणि एका जागी तार अचानक उघडते, गुंजायला लागते. अर्धा केस इकडे-तिकडे झाला की ती मिटते. तासभर तिथे नुसतं बसून हे ऐकलेला मुलगा पुढे कुठल्याही मैफलीत गवई यायच्या आधीच ऐकायला सुरुवात करतो. तुमच्या त्या मुलीला नेलंत तर माझ्या मते ती तुमच्याशी तिथेच बोलायला लागेल.

तुम्हाला रागाचं व्याकरण येत नाही, हे तुम्ही दोनदा लिहिलं आहे. व्याकरण गुरूंकडून येईल, तिघं शिकतच आहेत. तबलजी मुलाला ठेक्याचं काम द्या. विलंबित (संथ लयीतला) एकताल होता की झुमरा, १२ मात्रा की १४, अस्ताई (बंदिशीचा पहिला भाग) किती आवर्तनांत भरली, द्रुतमध्ये लय कुठे वाढली, हे तो बाकीच्यांना सांगेल. तुमच्यापाशी भाषा आहे. ख्याल गाणाऱ्याच्या तोंडी बंदिशीचे शब्द काय होतात हे या मुलांपैकी कुणाला ऐकू येत नसणार, ते तुम्हाला येतं. शब्द मध्येच तोडला का? ज्या अक्षरावर सम येते ते अक्षर अर्थाने जड आहे की नुसतं 'रे'? अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) म्हटला की गाळला? बोलआलापात, म्हणजे शब्द घेऊन केलेल्या आलापात, शब्द उलगडला की नुसता चघळला? हे प्रश्न विचारायला मराठीच्या शिक्षकाइतकं योग्य माणूस नाही. शिवाय वाचक होणं. 'म्हणजे काय?' असं समासात लिहून कागद परत द्यायचा. तो नुसता ऐकणारा मुलगा तुम्हाला यात सर्वांत उपयोगी पडेल; तो गात नाही, वाजवत नाही, तरी दर वेळी येतो, म्हणजे ज्यांच्यासाठी हे लिहायचं त्यांच्यातला आहे. प्रत्येक लेख आधी त्याला वाचून दाखवा.

मुलांचा एक घोटाळा पुढे होणार आहे, आताच सांगून ठेवतो. थोडं कळायला लागलं की ती आपल्या घराण्याची, म्हणजे ज्या गानपरंपरेत शिकतात तिची, पट्टी घेऊन दुसऱ्याचं गाणं मोजतात. किराणा घराण्याच्या गवयाला म्हणतात, लयकारी नाही. आग्रा घराण्याच्या गवयाला म्हणतात, स्वर खडबडीत. गवई काय करायला बसला होता ते आधी पाहावं आणि ते त्याला साधलं का ते सांगावं. वामनराव देशपांड्यांची 'घरंदाज गायकी' १९६१ साली आली. पेशाने ते चार्टर्ड अकाउंटंट, किराण्याची आणि जयपूरची तालीम घेतलेले. त्यांनी घराणी स्वर आणि लय यांच्या तोलावर मांडली: एका टोकाला किराणा, दुसऱ्या टोकाला आग्रा, आणि तोल साधलेलं जयपूर मधोमध. ती मांडणी पटो न पटो, लेखक कुठे उभा राहून बघतो आहे हे वाचताना स्वच्छ दिसतं, आणि म्हणून वाद घालता येतो. तुमच्या मुलांनीही लेखात एका वाक्यात सांगावं की मी अमुक घराण्याचं गाणं शिकतो. वाचक मग काय ते समजून घेतो. आणि 'हे घराण्याच्या चौकटीत बसत नाही' एवढ्यावर कुणी परीक्षण संपवलं तर ते परत करा. किशोरी आमोणकरांबद्दल हे वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. कुमार गंधर्वांबद्दल त्याहून जास्त. ते म्हणणारे लोक अडाणी नव्हते, त्यांनी नियम कुठे मोडला तेवढंच ऐकलं, आणि मोडल्यावर काय हाती आलं ते ऐकायचं राहिलं.

शेवटी एक अवघड गोष्ट, जी मी तुमच्या जागी असतो तर आधी सोडवली असती. त्रैमासिक मंडळाचं, मैफल मंडळाची, बुवा मंडळाचे पाहुणे, आणि परीक्षणही मंडळाच्याच मुलांचं. घरी जेवायला बोलावून पाहुण्यासमोर त्याच्या गाण्याचं मोजमाप काढायचं, असा हा प्रकार होतो. यात तुम्ही 'सर्वांगसुंदर' लिहिलंत याचं मला नवल वाटत नाही. त्या खुर्चीत बसून दुसरं लिहिणं कुणालाही कठीणच. तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमांचा फक्त वृत्तांत छापा: कोण, कोणते राग, कोणत्या बंदिशी, साथीला कोण. त्यात मत नको, विशेषण नको, आणि खाली मुलांचं नावही नको. परीक्षणासाठी मुलांना बाहेर पाठवा. सांगली शेजारी आहे, कोल्हापूर तासाभरावर, तिथली देवल क्लब ही संगीतसंस्था तर १८८३ पासूनची. डिसेंबरात जमलं तर पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला न्या, तिथे त्यांना दहा तऱ्हांचं गाणं ऐकायला मिळेल. तिकिटं काढून न्या. आयोजकांच्या पासावर, पुढच्या खुर्चीवर, मध्यंतरात त्यांचा बटाटेवडा खात मी अनेकदा परीक्षणं लिहिली आहेत, आणि त्यांत कुठे कुठे माझा हात आखडला ते मला आज वाचताना कळतं. तिकिटाचे पैसे मंडळाने द्यावेत. पाच मुलांच्या मागच्या सतरंजीच्या तिकिटांना फार लागत नाहीत.

तिच्याकडे जाताना एकट्या जा, बाकीच्यांना कळवू नका. ध्वनिमुद्रण बरोबर असू द्या. तिने ऐकून 'मी चुकले होते, तार निषादाला होती' असं म्हटलं तरी दिलगिरीच्या ओळी छापायच्याच आहेत, कारण 'सर्वांगसुंदर' तरीही तिचा शब्द नव्हता.

पुढचा अंक निघाला की एक प्रत मला पाठवा. वर्गणी किती ते कळवलं नाहीत, तेही कळवा.